बाणकोट ते खडकवासला : शिपायाची बंदूक आठवते, सुभेदाराची शाळा का विसरलो?

१९२७ हे साल आपल्याला दोन कारणांनी पाठ आहे. १ जानेवारीला बाबासाहेब भीमा कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना द्यायला गेले, आणि मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. कोरेगावला आपण दरवर्षी लाखोंनी जातो, २० मार्चला महाडलाही जातो. पण १९ मार्चला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी अध्यक्ष म्हणून जे भाषण केले, त्याचा एक भाग आपल्या जयंतीच्या भाषणांत सहसा येत नाही. त्या भागात ते दापोली-महाडच्या पट्ट्यातील लष्करी पेन्शनरांबद्दल बोलले. एके काळी या भागात आपली माणसे शिक्षणात इतर मागासलेल्या जातींच्या पुढे होती, त्यांचा वचक होता, आणि हे घडले ते पलटणीतल्या नोकरीमुळे. भरती बंद झाली तेव्हापासून या समाजाला उतरती कळा लागली, अशी ती मांडणी होती.

म्हणजे एकाच वर्षात, अडीच महिन्यांच्या अंतराने, बाबासाहेबांनी लष्कराच्या दोन बाजू दाखवल्या. कोरेगावला शौर्य दाखवले आणि महाडला हिशेब मांडला. आपण शौर्य घेतले आणि हिशेब तिथेच सोडून दिला. हा लेख त्या हिशेबाबद्दल आहे. बारावीच्या उंबरठ्यावर असलेल्या आपल्या मुलामुलींसाठी तो आज नव्याने मांडण्याची गरज आहे.

सावित्रीच्या मुखाशी सुरू झालेली गोष्ट

रत्नागिरी जिल्ह्याचे उत्तर टोक म्हणजे मंडणगड तालुका. सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथे बाणकोटचा किल्ला आहे. १७५६ पासून तो ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला. कोकणच्या किनाऱ्यावर कंपनीचे पाय आधी रोवले गेले ते इथे. कंपनीला शिपाई हवे होते आणि मुंबईच्या सैन्यात ज्या जातींची भरती झाली त्यांत कोकणातले महार मोठ्या संख्येने होते. गावात ज्याची सावली चालत नव्हती, त्याच्या हाती सरकारने बंदूक दिली, अंगावर गणवेश दिला, महिन्याला रोख पगार दिला.

याच तालुक्यात आंबडवे आहे. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी सकपाळ सैन्यात होते. वडील रामजी सैन्यात गेले आणि सुभेदार झाले. आई भीमाबाई मुरबाडकरांच्या घरातली, तिचे वडील सुभेदार मेजर. म्हणजे आई आणि वडील या दोन्ही बाजूंनी बाबासाहेब लष्करी घरातले. त्यांचा जन्मही १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. हे सगळे आपल्याला ठाऊक आहे. पण रामजी सुभेदार सैन्यात करत काय होते, हा प्रश्न विचारला तर किती जण उत्तर देतील?

रामजी शिक्षक होते. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि सुमारे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून काम केले. बाबासाहेबांना इंग्रजी आणि गणिताची गोडी लावणारा, पहाटे उठवून अभ्यासाला बसवणारा, पुस्तकासाठी मुलींचे दागिने गहाण टाकणारा हा बाप पलटणीच्या शाळेतला हेडमास्तर होता.

बंदुकीपेक्षा पाटी मोठी

कंपनीच्या सैन्यात शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकणे सक्तीचे होते. मुलींनाही. ज्या काळात गावची शाळा अस्पृश्य मुलाला आत घेत नव्हती, त्या काळात छावणीत महाराची पोर बाराखडी गिरवत होती. हे उपकार नव्हते. सैन्याला हुकूम वाचणारा, हिशेब ठेवणारा माणूस हवा होता. पण सरकारच्या गरजेतून आपल्या घरात पाटी आली आणि ती पुन्हा बाहेर गेली नाही.

पाटीबरोबर दुसरी गोष्ट आली ती पेन्शन. निवृत्त सैनिकांची मोठी वस्ती दापोलीला झाली. ‘कॅम्प दापोली’ हे नावच त्या छावणीची आठवण आहे. पेन्शन घेणारा माणूस गावकीच्या भाकरीवर अवलंबून नसतो. पाटलाने, खोताने डोळे वटारले तरी त्याची चूल पेटते. अशा माणसालाच मान वर करून बोलता येते.

म्हणून आपल्या चळवळीचा पहिला मोठा आवाज याच कॅम्पातून आला. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली हवालदार म्हणून सैन्यातून निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. त्यांनी अनार्य दोष परिहारक मंडळी काढली, ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेच्या शास्त्राधारालाच प्रश्न विचारले, वर्तमानपत्रांत लेख लिहिले. पुढे महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा सवर्ण सभासदांचा जळफळाट झाला. लिहिता येणारा, जग पाहिलेला आणि पोटासाठी कुणाच्या दारात उभा न राहणारा माणूस उभा राहिला की काय होते, त्याचे वलंगकर हे उदाहरण आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे : लष्कराने आपल्याला दिलेल्या गोष्टींत बंदूक सर्वांत छोटी होती. शाळा आणि पेन्शन या दोन मोठ्या गोष्टी होत्या. आपली चळवळ या दोन पायांवर उभी राहिली.

१८९२ : शिडी काढून घेतली

१८९२-९३ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली. ‘लढवय्या जाती’ नावाचे एक थोतांड त्या काळी सैन्याच्या वरिष्ठांच्या डोक्यात बसले होते. काही जाती जन्माने शूर आणि काही जन्माने भित्र्या, अशी त्यांची समजूत होती. ज्यांनी शंभर-सव्वाशे वर्षे कंपनीसाठी रक्त सांडले, ते एका फटक्यात ‘लढाईला नालायक’ ठरले. सवर्ण शिपायांना अस्पृश्यांबरोबर राहायचे नव्हते, हेही त्यामागे होतेच. मनुस्मृतीने जे केले तेच इंग्रजांनी वेगळ्या पुस्तकातून केले.

परिणाम काय झाला? नवा मुलगा छावणीत गेला नाही, म्हणून छावणीच्या शाळेत गेला नाही. जुना पेन्शनर मेला की त्याच्याबरोबर पेन्शनही गेली. एका पिढीत घर पुन्हा गावकीच्या कामावर आले. रामजी सुभेदार निवृत्त होऊन दापोलीला आले, पण कॅम्पाच्या बाहेरची शाळा आपल्या पोरांसाठी नव्हती. ते कुटुंब घेऊन साताऱ्याला गेले. तिथल्या शाळेत भीमाला गोणपाटावर वेगळे बसावे लागले, ही कथा सर्वांना माहीत आहे.

ही बंदी उठवण्यासाठी आपल्या पूर्वजांनी जे अर्ज केले, त्यांचा इतिहास म्हणजे चळवळीचा पहिला अध्याय आहे. वलंगकरांनी अर्ज तयार केला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट लंडनला भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला आणि सैन्य, पोलीस व सरकारी नोकऱ्यांचे दार उघडा म्हणून सांगितले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा सरकारला आपली आठवण झाली. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज संपली, १९२१ साली पलटण मोडली. गरज असेल तेव्हा बोलवायचे आणि गरज सरली की घरी पाठवायचे, हा अनुभव आपल्याला नवा नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सुभेदाराच्या वर कोण?

इथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. रामजी सुभेदारच का राहिले? त्यांच्यात काय कमी होते?

काहीच कमी नव्हते. इंग्रजी सैन्यात हिंदी माणसाच्या बढतीला छत होते. जमादार, सुभेदार, फार तर सुभेदार मेजर. त्यापुढची पायरी गोऱ्यांची. वीस वर्षांचा गोरा लेफ्टनंट पन्नाशीच्या सुभेदार मेजरच्या वर असे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात हिंदी मुलांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या गेल्या. त्या राजेरजवाड्यांच्या, जमीनदारांच्या घरी गेल्या, हे सांगायला नको.

१९३०-३१ च्या पहिल्या गोलमेज परिषदेत संरक्षण विषयाची उपसमिती होती आणि बाबासाहेब तिचे सभासद होते. याच समितीने भारतात अधिकारी घडवणारे लष्करी महाविद्यालय लवकरात लवकर काढावे अशी शिफारस केली. बाबासाहेबांनी तिथे मुद्दा मांडला की सैन्यातील भरती पात्रतेच्या आधारावर सर्व भारतीयांना खुली असली पाहिजे. जात पाहून दार उघडायचे किंवा बंद करायचे, हा प्रकारच नको. ‘आमची जातही लढवय्या आहे’ असे म्हणून त्यांनी थोतांडाला पाठिंबा दिला नाही. त्यांनी थोतांडाच्या मुळावरच घाव घातला. आपल्या काही मित्रांनी हा फरक ध्यानात घ्यावा. ‘आमच्या रक्तातच शौर्य’ हे वाक्य कितीही गोड वाटले, तरी ते १८९२ च्या बंदीच्याच कारखान्यातून आले आहे.

देहरादूनला इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली ती १ ऑक्टोबर १९३२ रोजी. महार रेजिमेंट बेळगावला उभी राहिली तीही १ ऑक्टोबरलाच, पण १९४१ साली. त्याच वर्षी बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर आले होते आणि या रेजिमेंटसाठी त्यांनी जंग जंग पछाडले होते. तारीख एक, अंतर नऊ वर्षांचे. देशात अधिकारी घडवणारा कारखाना सुरू होऊन नऊ वर्षे झाली, तेव्हा कुठे आपल्याला पुन्हा शिपाई होण्याचा हक्क मिळाला.

पुढे महार रेजिमेंटने काय कमावले ते देशाला ठाऊक आहे. श्रीलंकेत १९८७ साली वीरमरण आलेले परमवीर चक्र विजेते मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटचे. देशाचे दोन लष्करप्रमुख, जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी, याच रेजिमेंटचे अधिकारी होते. आपल्याला याचा अभिमान आहे आणि असावा. पण अभिमानाबरोबर जरा थांबून विचार करा. ही तीनही नावे दक्षिणेकडच्या, आपल्या समाजाबाहेरच्या घरांतून आलेली आहेत. यात गैर काहीच नाही, कारण अधिकारी कोणत्याही जातीचा कोणत्याही रेजिमेंटमध्ये जातो आणि तसेच असले पाहिजे. प्रश्न उलटा आहे. दार सर्वांना खुले असताना त्या दारातून आपण किती गेलो?

आकडे शोधत बसू नका. आपापल्या वाडीत मोजा. मंडणगड, दापोली, खेड, महाड, पोलादपूर, कोणतेही गाव घ्या. निवृत्त शिपाई, नाईक, हवालदार किती? सुभेदार किती? आणि लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर किती? पहिल्या प्रश्नाला बोटे पुरणार नाहीत. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक वाड्यांत मूठ उघडायचीही गरज पडणार नाही. कायद्याने छत गेले १९४७ ला. आपल्या डोक्यातले छत अजून रामजी सुभेदारांच्या उंचीवरच आहे.

अग्निवीरच्या रांगेत

आता आजच्या भरतीकडे पाहा. २०२२ साली अग्निपथ योजना आली. साडेसतरा ते एकवीस वर्षांचा मुलगा चार वर्षांसाठी घ्यायचा, त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम ठेवायचे, बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी देऊन घरी पाठवायचे. पेन्शन नाही.

वर सांगितलेले आठवा. आपली चळवळ शाळा आणि पेन्शन या दोन पायांवर उभी राहिली. अग्निवीराला पेन्शन नाही, आणि ज्या वयात महाविद्यालयात जायचे ती चार वर्षे छावणीत जातात. वलंगकर पेन्शनर नसते तर ‘विटाळ विध्वंसन’ लिहायला बसले असते का? रामजींना पेन्शन नसती तर भीमराव एल्फिन्स्टनपर्यंत पोचले असते का?

ज्या घरात दुसरा मार्गच नाही, त्या मुलाने अग्निवीर होऊ नये असे मी म्हणणार नाही. पोटाची आग मला कळते. पण पहाटे पाच वाजता धावणाऱ्या मुलाला आपण ‘भरतीला जा’ एवढेच सांगत असू आणि ‘बारावीनंतर सरकारी खर्चाने पदवी घेऊन अधिकारी होता येते’ हे सांगत नसू, तर त्याचे नुकसान आपण करतो आहोत.

दार कुठे आहे

पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी म्हणजे एनडीए आहे. बारावीत असलेल्या किंवा बारावी झालेल्या, साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वयाच्या अविवाहित मुलामुलींसाठी यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेते. नऊशे गुणांची लेखी, त्यात तीनशे गणित. लेखी पार झाली की एसएसबीची पाच दिवसांची मुलाखत, तिचेही गुण नऊशे. मग वैद्यकीय तपासणी. निवड झाली की तीन वर्षांचे शिक्षण, राहणे, जेवण सरकारी खर्चाने, आणि हाती जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी. त्यानंतरच्या वर्षभराच्या प्रशिक्षणात महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन आणि मग लेफ्टनंट. मुंबई-पुण्यात खोली भाड्याने घेऊन पोराला शिकवताना आईबापाची काय दशा होते ते कोकणातल्या प्रत्येक चाकरमान्याला ठाऊक आहे. त्याच्यासमोर हा हिशेब ठेवा.

मुलींना हे दार सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशाने उघडले. २०२२ साली पहिल्या तुकडीत १९ मुली दाखल झाल्या आणि २०२५ च्या मे महिन्यात त्यातल्या १७ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. छावणीच्या शाळेत आपल्या आज्या-पणज्या शिकत होत्या, म्हणून मुलगी पाठवायची की नाही हा प्रश्न आपल्या घरात तरी पडू नये.

तिथवर पोचायच्या पायऱ्याही महाराष्ट्रातच आहेत. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, देशातली पहिली. सहावीला आणि नववीला प्रवेश परीक्षा असते, आणि अनुसूचित जातींसाठी पंधरा टक्के जागा राखीव असतात. दहावीतल्या मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, म्हणजे एसपीआय, १९७७ पासून आहे. अकरावी-बारावी आणि एनडीएची तयारी एकाच छताखाली. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला निघाली. लेखी पास झालेल्यांसाठी नाशिक रोडला राज्य सरकारचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र एसएसबीची मोफत निवासी तयारी करून घेते, त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचे. ज्यांना डॉक्टर व्हायचे आहे त्यांच्यासाठी पुण्याचे सशस्त्र दलांचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, नीटमधून.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. एनडीएत आरक्षण नाही. अनुसूचित जातींना परीक्षा शुल्क माफ आहे, एवढेच. वयात सूट नाही, गुणांत सूट नाही, प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत, मराठीत नाही. म्हणून तयारी बारावीनंतर सुरू करून भागणार नाही. आठवीपासून गणित आणि इंग्रजी पक्के हवे.

४ जून १९१३ चा करार

‘सरकार फुकट शिकवत नाही, बांधून घेते,’ असा आक्षेप येतो. खरे आहे. सेवेची अट असते आणि मध्येच आपण होऊन सोडले तर खर्च वसूल होतो. सही करण्याआधी प्रत्येक कलम वाचलेच पाहिजे.

पण अशाच एका करारावर ४ जून १९१३ रोजी बाबासाहेबांनी सही केली होती. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीच्या बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा तो करार होता. त्या पैशांवर ते कोलंबियाला गेले. १९१७ साली करार पाळायला बडोद्याला आले आणि महाराजांचे लष्करी सचिव झाले. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाला शहरात राहायला जागा मिळाली नाही, शिपाई फायली दुरून फेकत. काही दिवसांतच त्यांना बडोदा सोडावे लागले.

यातून दोन धडे मिळतात. बांधून घेतलेल्या पैशातूनही मुक्तीचे शिक्षण घेता येते, हा पहिला. आणि खांद्यावरच्या ताऱ्यांनी जात पुसली जात नाही, हा दुसरा. बडोद्यात बाबासाहेब एकटे पडले. आपला मुलगा प्रबोधिनीत एकटा पडू नये, हे त्याच्या समाजाचे काम आहे.

दुसरा आक्षेप धम्माचा. बुद्धाचे अनुयायी हाती शस्त्र कसे घेणार? बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. बुद्ध आणि वैशालीचा सिंह सेनापती यांचा संवाद सांगून, न्यायासाठी बळ वापरावे लागले तर बुद्धाची मनाई नव्हती, असे त्यांनी दाखवले आहे. आणि खरे तर हा आक्षेप आपण शिपायाला कधी घेतलाच नाही. आपला मुलगा शिपाई होतो तेव्हा मिरवणूक काढतो आणि अधिकारी होण्याची गोष्ट निघाली की अहिंसा आठवते, हे कसे?

मग करायचे काय?

मंडणगडपासून महाडपर्यंत प्रत्येक गावाची बौद्धजनांची समिती आहे, मुंबईत तिची शाखा आहे. जयंतीची वर्गणी जमते, मंडप पडतो, डीजे वाजतो. त्या वर्गणीतला एक वाटा बाजूला काढा. आठवी ते दहावीची पाच मुलेमुली निवडा. निवृत्त हवालदार-सुभेदारांना रविवारी विहारात बोलवा. शिस्त आणि धावणे ते शिकवतील, कारण ते त्यांना येते. गणित आणि इंग्रजीसाठी आपल्यातले शिक्षक, अभियंते, बँकेतले कर्मचारी महिन्यातून दोन रविवार गावी यावेत. मुलांचे डोळे आणि दात आधीच तपासून घ्या, म्हणजे शेवटच्या पायरीवर धक्का बसणार नाही. एसपीआय आणि सैनिक शाळेच्या अर्जाची तारीख विहाराच्या फळ्यावर लिहा. मुलगा मराठी माध्यमाचा म्हणून मागे पडत असेल तर त्याला रोज उभे करून पाच मिनिटे इंग्रजीत बोलायला लावा, हसणाऱ्याला बाहेर काढा.

पाचातले चार एनडीएत जाणार नाहीत. पण ज्याने एनडीएचे गणित केले तो इंजिनीअरिंगला जाईल, स्पर्धा परीक्षेला बसेल, बँकेत लागेल. शाळा वाया जात नाही. मंडणगड तालुक्यातल्या एका घराने ते सिद्ध करून ठेवले आहे.

आंबडव्याला जाणारा प्रत्येक जण तिथे बाबासाहेबांसमोर हात जोडतो. पुढच्या वेळी मुलांना घेऊन जाल तेव्हा त्यांना रामजी सुभेदारांची गोष्ट सांगा. सांगा, की या माणसाला सरकारने सुभेदाराच्या पुढे जाऊ दिले नाही, पण त्याने पोराला पहाटे उठवून शिकवले. आणि मग विचारा : तुला तर आता कुणी अडवलेले नाही, तू किती वाजता उठतोस?

जय भीम!